सिएटलचा मानवी हक्क आयोग: दार उघडले, पण आत यायला कोण उरले?

अनघा_सिएटल

नमस्कार मंडळी. सिएटलमध्ये राहायला येऊन मला अकरा वर्षे झाली आणि त्यातली शेवटची सहा वर्षे मी सेंट्रल डिस्ट्रिक्ट या भागात भाड्याने राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुने चर्च आहे. सोमवार ते शनिवार तिथे गाडी लावायला हवी तेवढी जागा असते; रविवारी सकाळी मात्र तीन गल्ल्या फिरूनही मिळत नाही. सुरुवातीला मी यावर कुरकुर करीत असे. पुढे त्या चर्चमधल्या सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंशी ओळख झाली, तेव्हा त्यांनी सहज सांगितले, "पूर्वी आम्ही सगळे चालतच येत होतो." आता ती मंडळी केंट, रेंटन अशा दक्षिणेकडच्या गावांतून गाड्या चालवत येतात, प्रार्थना करतात, एकत्र जेवतात आणि परत जातात.

१९७० च्या सुमारास या भागातील ७० टक्क्यांहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय होते. आज ते पाचवा हिस्सादेखील नाहीत. विशेष म्हणजे हे सारे अशा शहरात घडले, जिथे १९६३ पासून मानवी हक्क आयोग आहे, १९६८ पासून घर देताना वंशभेद करण्यास बंदी आहे आणि ज्याने २०१२ मध्ये स्वतःला 'मानवी हक्कांचे शहर' म्हणून जाहीर केले आहे.

हे लिहिण्याचे कारण वैयक्तिक आहे. या आयोगाचे सदस्य मानद असतात आणि नागरिकांकडून त्यासाठी अर्ज मागवले जातात. मी अर्ज करावा की नाही, या विचारात आहे. आयोग नगरपरिषदेला आणि महापौरांना सल्ला देतो, सुनावण्या ठेवतो, आणि भेदभावाच्या एखाद्या तक्रारीत तथ्य नाही असा निर्णय झाल्यास त्यावरचे अपील ऐकतो. तक्रारींची प्रत्यक्ष चौकशी करणारे कार्यालय निराळे आहे. तेव्हा प्रश्न असा की, ज्यांचे घर भेदभावामुळे नव्हे तर भाड्यामुळे जाते, त्यांच्यासाठी असा आयोग काही करू शकतो का? की महिन्यातून एक संध्याकाळ चांगल्या माणसांनी चांगले बोलून घरी जायचे, एवढेच त्याचे काम?

टवाळ_पंत

बैल गेला नि झोपा केला, ही म्हण सिएटलकरांना इंग्रजीत कुणीतरी समजावून सांगावी. ज्या शहरातून माणसे निघून गेली, त्याने मानवी हक्कांचे शहर ही पाटी लावली, याला तरी सातत्य म्हणावे लागेल. कारण आमच्या गावातही तलाव बुजवल्यावरच त्या चौकाला 'तलावपाळी' असे नाव पडले.

प्रसाद_कोथरूड

अनघाताई, मी सरकारी समित्यांवर दोनदा काम केले आहे, त्यामुळे माझे मत जरा कडवट आहे. ज्या मंडळाला पैसा खर्च करण्याचा, दंड करण्याचा किंवा एखादी परवानगी रोखून धरण्याचा अधिकार नसतो, त्याचा उपयोग सत्ताधाऱ्यांना एवढाच असतो की लोकांचा राग कुठेतरी नोंदवून घेतला गेला असे दाखवता येते. आंदोलन पेटले की समिती नेमायची आणि समितीने अहवाल देईपर्यंत आंदोलन थकते, ही रीत कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही. १९६३ मध्ये सिएटलमध्ये वेगळे काही घडले असेल, असे मला वाटत नाही.

सुमित्रा_जोगळेकर

प्रसाद, तुमचा अंदाज निम्मा बरोबर आहे. उरलेला निम्मा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. (मी अमेरिकी इतिहास शिकवत असे, निवृत्त झाल्यापासून ऐकणारे कुणी सापडत नाही, त्यामुळे लांबण लागल्यास सांभाळून घ्यावे.)

१ जुलै १९६३ रोजी सुमारे ४०० लोक माउंट झायन बाप्टिस्ट चर्चपासून नगरभवनापर्यंत चालत गेले. त्या चर्चचे धर्मगुरू सॅम्युएल मॅकिनी हे त्या चळवळीतले एक प्रमुख नाव. मागणी अशी होती की, घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशावरून नकार देणे बेकायदेशीर ठरवावे. मोर्चा परत फिरला, पण तरुणांचा एक गट महापौरांच्या कार्यालयातच ठाण मांडून बसला. त्यानंतर सुमारे पंधरवड्याने, १७ जुलैला, आयोग स्थापन झाला. इथपर्यंत तुमचे म्हणणे तंतोतंत लागू पडते.

पण आयोगाच्या १२ सदस्यांपैकी कृष्णवर्णीय केवळ दोन आहेत, हे कळताच त्याच तरुणांनी नगरपरिषदेच्या सभागृहात पुन्हा धरणे धरले आणि अटक करून घेतली. आपल्याला शांत करण्यासाठी आयोग नेमला जात आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही आयोग नको असे न म्हणता त्यात कोण बसणार, यावर ते भांडले. त्या आयोगाने पुढे घरे सर्व वंशांना खुली करणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार केला. नगरपरिषदेने तो स्वतः मंजूर करण्याचे धाडस दाखवले नाही आणि सार्वमताला टाकला. १० मार्च १९६४ रोजी सिएटलच्या मतदारांनी तो दोनास एकाहून मोठ्या फरकाने फेटाळला, आणि त्याच दिवशी या कायद्याला विरोध असलेले डॉर्म ब्रेमन महापौर म्हणून निवडून आले.

पुढची चार वर्षे आयोगाला करण्यासारखे फार थोडे होते. १९६७ मध्ये सॅम स्मिथ हे नगरपरिषदेवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली, ११ तारखेला देशपातळीवरचा कायदा आला आणि १९ एप्रिलला सिएटलच्या नगरपरिषदेने आपला कायदा एकमताने, तातडीच्या कलमासह मंजूर केला. तातडीचे कलम अशासाठी की, तो तत्काळ अमलात यावा आणि पुन्हा सार्वमताच्या फेऱ्यात अडकू नये. हत्येनंतर पंधरा दिवसांत हे होऊ शकले, कारण विषय नवा नव्हता, शब्द तयार होते, आक्षेप ऐकून झालेले होते. पराभूत झालेला मसुदा कुणीतरी जपून ठेवावा लागतो. तेवढे काम तरी आयोगाच्या खात्यावर लिहावे.

प्रसाद_कोथरूड

सुमित्राताई, मसुदा जपण्याचे श्रेय मी देतो. पण मग माझ्या मनातला प्रश्न अधिकच टोकदार होतो: एका माणसाचा खून होईपर्यंत जो मसुदा कपाटात राहिला, त्याबद्दल आयोगाचे कौतुक करायचे की शहराची कीव?

सुमित्रा_जोगळेकर

दोन्ही एकाच वेळी करता येते. मी तीस वर्षे तेच केले.

नितीन_बेलव्ह्यू

माझी बाजू थोडी वेगळी आहे आणि ती इथे लोकप्रिय होणार नाही, याची जाणीव ठेवून लिहितो. माझ्या मालकीचे सिएटल शहराच्या हद्दीत एक छोटे घर आहे, जे मी भाड्याने देतो. अनघाताईंनी १९६८ चा उल्लेख केला, पण भेदभावविरोधी कायदे तिथे थांबलेले नाहीत. २०१६ मध्ये असा नियम झाला की, घरमालकाने आपल्या अटी आधी लेखी जाहीर कराव्यात आणि त्या अटींत बसणारा जो पहिला अर्जदार येईल त्यालाच घर द्यावे. २०१७ मध्ये आणखी एक कायदा एकमताने झाला, त्यानुसार अर्जदाराचा गुन्हेगारीचा पूर्वेतिहास विचारणे आणि त्यावरून नकार देणे या दोहोंना बंदी आली. पहिला नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवला. दुसऱ्याबाबत संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये विचारण्यावरची बंदी रद्द केली आणि नकार देण्यावरची बंदी कायम ठेवली. म्हणजे आता मी प्रश्न विचारू शकतो, पण उत्तर ऐकून काही करू शकत नाही.

माझ्यासारखा एका घराचा मालक आणि तीनशे घरांची इमारत चालवणारी कंपनी यांना एकच मापदंड लावला जातो. मोठ्या कंपनीकडे वकील असतात; माझ्याकडे माझी बायको आहे, आणि तिने नियम वाचून हे घर विकून टाकावे असा निर्णय दिला आहे. छोटे मालक असे घरे विकून बाहेर पडले, तर त्या जागी नव्या महागड्या इमारती उभ्या राहतात. विस्थापनात या नियमांचाही वाटा नाही काय?

मेघना_कु

नितीन, तुमची अडचण खरी आहे, पण "पहिला पात्र अर्जदार" हा नियम का आला, हेही सांगायला हवे. शहराचे नागरी हक्क कार्यालय घरांच्या बाबतीत चाचण्या घेते. उत्पन्न, नोकरी, कागदपत्रे अशा सर्व बाबतींत सारखी असलेली दोन माणसे त्याच घराची चौकशी करायला पाठवतात. फरक फक्त वर्णाचा, उच्चाराचा किंवा भाडे-अनुदानाच्या कागदाचा असतो. एकाला घर दाखवतात आणि दुसऱ्याला "आत्ताच गेले हो" असे सांगतात. असा नकार मिळालेल्या माणसाला आपल्याला नकार मिळाला हेदेखील कळत नाही, मग तो तक्रार कशाच्या आधारावर करणार? त्यामुळे नुसती तक्रारींची वाट पाहणारी यंत्रणा या बाबतीत आंधळी राहते.

मला स्वतःला एकदा एका घरमालकिणीने फोनवर "तुमच्या स्वयंपाकाच्या वासाने पडदे खराब होतात" असे सांगितले होते. निदान ती प्रामाणिक होती. इतरांनी घर गेले असे सांगितले, आणि त्यातली किती घरे खरोखर गेली होती हे मला आजही ठाऊक नाही.

टवाळ_पंत

पडद्यांच्या बाबतीत मी घरमालकिणीच्या बाजूने आहे. मी आमच्या शेजाऱ्यांची सुकट खाल्लेली नाही, पण आमचे पडदे रोज खातात.

भीमराव_केंट

चेष्टा चालू द्या, पण वासावरून घर नाकारणे आपल्याकडे काय असते, हे इथल्या सर्वांना माहीत आहे. त्यामुळे एक विषय कुणीतरी काढणारच होते, तो मीच काढतो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटलच्या नगरपरिषदेने भेदभावाच्या प्रतिबंधित कारणांत जातीचा समावेश केला. सहा विरुद्ध एक असे मतदान झाले आणि ठराव मांडणाऱ्या सदस्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या व मुंबईत वाढलेल्या. असे करणारे हे अमेरिकेतील पहिले शहर. नोकरी, सार्वजनिक सेवा आणि घर या तिन्हींना तो कायदा लागू आहे.

त्या दिवशी मी सभागृहाबाहेर रांगेत उभा होतो. बोलण्यासाठी नाव नोंदवायला लोक पहाटेपासून आले होते. माझ्या वडिलांनी औरंगाबादेत खोली शोधताना आडनाव बदलून सांगितले होते आणि तीन महिन्यांनी ते उघडकीस आल्यावर एका रात्रीत सामान बाहेर काढावे लागले होते. मीही इथे शिकत असताना खोलीतल्या मित्रांनी "तुझे मूळ गाव कोणते, तिथले कोण तुम्ही" असे विचारत विचारत अखेर जे हवे ते काढून घेतले. त्यानंतर कुणी मला जा म्हटले नाही. फक्त जेवायला बोलावणे थांबले. दोन महिन्यांनी मीच दुसरी खोली पाहिली. प्रसादसाहेब, अशा वेळी तक्रार घेणारी एखादी खिडकी आहे, हे माहीत असणेसुद्धा काहीतरी असते.

नितीन_बेलव्ह्यू

भीमराव, तुमच्यावर गुदरले ते निंद्य आहे. तरीही मला त्या कायद्याबद्दल शंका वाटत आली आहे. वंश व राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करण्यास आधीपासून बंदी असताना एक वेगळा शब्द घातल्यामुळे प्रत्येक भारतीय घरमालक आणि प्रत्येक भारतीय वरिष्ठ आधीच संशयित ठरतो, असे अनेकांना वाटले. विरोध करणारे सगळेच जातीयवादी होते, असे मानणे बरे नव्हे.

भीमराव_केंट

सगळे होते असे मी म्हटलेले नाही. पण १९६४ च्या सार्वमतातही "आम्ही वंशवादी नाही, फक्त आमच्या मालमत्तेचे स्वातंत्र्य जपतो आहोत" असेच बहुतेकांचे म्हणणे होते. कायदा संशयिताचे नाव लिहीत नाही, कृत्याचे लिहितो. आणि तुम्ही निश्चिंत राहा: हा कायदा सिएटल शहराच्या हद्दीपुरता आहे. आपली बहुसंख्य मंडळी राहतात ती बेलव्ह्यू आणि रेडमंड ही वेगळी शहरे आहेत, त्यांना तो लागूच नाही. मधल्या वॉशिंग्टन तळ्याच्या अलीकडे जात बेकायदेशीर आणि पलीकडे तिला मोकळीक, असा आपला भूगोल आहे.

अनघा_सिएटल

भीमराव, मनापासून लिहिल्याबद्दल आभार. नितीन, तुमचाही मुद्दा लक्षात घेतला आहे. मात्र हा वाद पूर्वीच्या दोन धाग्यांप्रमाणे आठवडाभर चालेल आणि घरांचा प्रश्न मागे पडेल, म्हणून विनंती करते की, जातीच्या कायद्यावर स्वतंत्र धागा काढावा. मी तिथे नक्की येईन.

अॅड_वर्षा

घरांच्याच प्रश्नाला धरून मुंबईहून दोन वाक्ये लिहिते. अमेरिकेत पूर्वी खरेदीखतातच अट असे की, ही जागा अमुक वंशाच्या माणसाला विकता येणार नाही. सिएटलमध्ये अशा अटी शेकडो वसाहतींच्या कागदपत्रांत आहेत. न्यायालयांनी त्यांची अंमलबजावणी करू नये, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवले. आपल्याकडे २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या खटल्यात, सदस्यत्व केवळ पारशांपुरते ठेवणारी उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध मानली. खाजगी घरमालकाने धर्म किंवा जात पाहून घर नाकारले, तर मुंबईतल्या माणसाला थेट दाद मागता येईल असा सर्वंकष कायदा आजही नाही. राज्याचा मानवी हक्क आयोग आहे, पण तो १९९३ च्या कायद्याखाली मुख्यतः शासकीय सेवकांकडून झालेल्या हक्कभंगाकडे पाहतो. चौथ्या मजल्यावरच्या घरमालकाकडे नाही. त्यामुळे प्रसाद ज्याला शोभेचा आयोग म्हणतात, तेवढा तरी आमच्या महानगरपालिकेला असता, तर मी शोभा सहन केली असती.

सुमित्रा_जोगळेकर

वर्षा, त्या खरेदीखतांचे पुढे काय झाले, हे तुम्हाला आवडेल. सिएटल ज्यात येते त्या वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये एक कायदा केला. मालमत्तेचे दस्त नोंदवताना १०० डॉलर जादा शुल्क घ्यायचे आणि त्या निधीतून, अशा वांशिक अटींमुळे ज्यांना घर घेता आले नाही त्या समाजांतील लोकांना पहिल्या घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी मदत करायची. अर्जदार किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा असे कुणीतरी एप्रिल १९६८ पूर्वी राज्यात राहत असले पाहिजे. पात्र समाजांच्या यादीत कृष्णवर्णीय, मूळ रहिवासी, हिस्पॅनिक, कोरियन यांच्याबरोबर भारतीय वंशाचे लोकही आहेत.

टवाळ_पंत

माझे आजोबा एप्रिल १९६८ मध्ये सांगलीत होते. थोडक्यात हुकले.

जुना_गिरणगावकर

अनघाताई, तुमच्या चर्चची गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो. आमच्या लालबागच्या मंडळाचे निम्मे कार्यकर्ते आता विरार, डोंबिवली, बदलापूर इथे राहतात. गणपतीचे दहा दिवस ते पहिल्या गाडीने येतात आणि शेवटच्या गाडीने जातात. विभागात नवीन आलेल्या टॉवरमधील लोक आवाजाची तक्रार करतात, तेव्हा पोलीस विचारतात, "तुम्ही इथले रहिवासी आहात का?" आणि पन्नास वर्षे मंडळ चालवलेल्या माणसाला 'नाही' असे उत्तर द्यावे लागते.

त्यामुळे एप्रिल १९६८ ही तारीख वाचताच माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे झोपडपट्टी पुनर्वसनासाठी आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० आणि नंतर सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११ अशा तारखा आल्या. ज्याच्याकडे त्या तारखेच्या आधीचे वीजबिल आहे, तो माणूस. ज्याचे पुरात भिजले, तो अतिक्रमण करणारा. तुमच्याकडे विस्थापितांना परत आणण्याची काही योजना असेल, तर तिथेही पुरावा द्यावा लागत असणारच. तो कोणता, हे मला जाणून घ्यायचे आहे.

मेघना_कु

गिरणगावकर, अशी तरतूद आहे. विस्थापनाचा धोका मोठा असलेल्या भागांत परवडणारी घरे बांधणाऱ्या संस्थांना काही घरे त्या भागाशी पूर्वीपासून नाते असलेल्यांसाठी प्राधान्याने ठेवता येतात. स्वतः तिथे राहिलेले असणे, आईवडील किंवा आजीआजोबा राहिलेले असणे, अशा प्रकारचे निकष असतात. याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे २०१९ मध्ये उघडलेली लिबर्टी बँक इमारत. १९६८ मध्ये त्या जागेवर लिबर्टी बँक सुरू झाली होती. वायव्येकडच्या राज्यांतली ती कृष्णवर्णीयांच्या मालकीची पहिली बँक. तिच्या जागी आता ११५ परवडणारी घरे आहेत. घरे कुणाला द्यायची, हे वंशावरून ठरवणे अर्थातच बेकायदेशीर आहे, त्यामुळे त्यांनी जाहिरातच चर्चमधून, केशकर्तनालयांतून आणि केंट-रेंटनला गेलेल्या कुटुंबांमधून केली.

यातली विसंगती पाहा: ज्या कायद्याने वंशावरून घर नाकारणे थांबवले, तोच कायदा वंशामुळे हुसकावलेल्यांना वंशाच्या नावाने परत बोलावू देत नाही. म्हणून 'परिसराशी नाते' हा शब्द शोधावा लागला.

प्रसाद_कोथरूड

११५ घरे. आणि गेलेली माणसे हजारोंनी. माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही, एवढेच नोंदवतो. भाड्याचे काय? मूळ रोग तो आहे.

अनघा_सिएटल

प्रसाद, भाड्याच्या बाबतीत शहराचे हात बांधलेले होते. राज्याने १९८१ मध्येच शहरांना भाडेनियंत्रण करण्यास मनाई केली. म्हणून सिएटलने आडवाटा शोधल्या. १९८० पासून भाडेकरूला योग्य कारणाशिवाय काढता येत नाही. २०२१ पासून भाडेवाढीची नोटीस १८० दिवस आधी द्यावी लागते. घर सोडावे लागण्याची वेळ आलेल्या गरजू भाडेकरूला वकील मिळतो. २०२२ पासून, भाडे बारा महिन्यांत १० टक्के किंवा अधिक वाढवले आणि त्यामुळे मर्यादित उत्पन्नाच्या भाडेकरूला घर सोडावे लागले, तर तीन महिन्यांच्या भाड्याइतकी मदत मिळते, आणि तो भार घरमालकावर येतो. शेवटी २०२५ मध्ये राज्यानेच वार्षिक वाढीवर मर्यादा घातली: महागाई अधिक ७ टक्के, किंवा १० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते.

माझे स्वतःचे भाडे त्या मर्यादेच्या आधीच्या एका वर्षात एवढे वाढले की मीही केंटमधली घरे पाहून आले होते. घरमालकाने कोणताही भेदभाव केला नव्हता. त्याने सर्वांचेच भाडे सारखे वाढवले होते.

सुमित्रा_जोगळेकर

"सर्वांचेच सारखे वाढवले" हे वाक्य माझ्या मते या धाग्याचा गाभा आहे. आयोग ज्या काळात जन्मला त्या काळातली दुखापत वेगळी होती: दारात उभ्या असलेल्या माणसाला चेहरा पाहून परत पाठवत असत. त्यावर उपाय म्हणून तक्रार, चौकशी, अपील अशी यंत्रणा उभी राहिली. भाड्याने हुसकावलेला माणूस तक्रार कुणाविरुद्ध करणार? आणि ज्या क्षणी तो केंटला जातो, त्या क्षणी तो सिएटलचा मतदारही राहत नाही. शहराची प्रत्येक सुनावणी, प्रत्येक सर्वेक्षण, प्रत्येक निवडणूक ही मागे उरलेल्यांची असते.

हे सिएटलला नवीन नाही. १८६५ मध्ये या गावाने केलेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांतला पाचवा कायदा मूळ रहिवाशांना गावाबाहेर काढण्याचा होता, आणि गावाला नाव त्यांच्याच प्रमुखाचे आहे. यस्लर टेरेस ही १९४१ ची सार्वजनिक वसाहत, जी सर्व वंशांना एकत्र राहू देणाऱ्या देशातल्या आरंभीच्या वसाहतींपैकी म्हणून गौरवली जाते, तीही जपानी वस्तीतली घरे पाडून उभी राहिली. आणि १९४२ मध्ये तर उरलेल्या जपानी कुटुंबांनाच छावण्यांत नेले. २०१३ पासून ती वसाहत पुन्हा बांधली जात आहे. मात्र या वेळी जुन्या ५६१ घरांच्या बदल्यात तितकीच घरे त्याच उत्पन्नगटाला द्यायची, असे आधी लिहून घेतले गेले. तेवढा शहाणपणा मध्यंतरी आलेला दिसतो.

जुना_गिरणगावकर

सुमित्राताई, "मागे उरलेल्यांची सुनावणी" हे अगदी खरे. मुंबईत तानसा जलवाहिनीजवळून उठवून माहूल या प्रदूषित भागात पाठवलेल्या कुटुंबांना उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला, तेव्हा तो मिळवणारे लोक स्वतः रस्त्यावर बसून, तारखांना हजर राहून लढले होते. तानसा जलवाहिनीजवळच्या जुन्या विभागातून त्यांच्या बाजूने बोलायला कुणी उरलेच नव्हते, कारण सगळेच उठवले गेले होते.

अनघाताई, म्हणून मी तरी सांगेन की अर्ज करा. पण आयोगात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की, गेलेल्या लोकांना बोलावणार कसे.

अनघा_सिएटल

चार दिवसांनी परत येते आहे, क्षमस्व. रविवारी चर्चमधल्या त्या बाईंना भेटून अर्जाचा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांची सभा कधी असते?" मी सांगितले, कामाच्या दिवशी, संध्याकाळी, घरून संगणकावरही हजर राहता येते. त्या म्हणाल्या, "अंधारात मी गाडी चालवत नाही आणि संगणकावर मला कुणी मध्ये बोलू देत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आम्ही सगळे दर रविवारी साडेबारानंतर या तळघरात असतो. दोनशे माणसे, जेवणासकट. त्यांनाच इकडे यायला सांग."

अर्जात एक प्रश्न असा आहे की, आयोगावर आल्यास आपण कोणते काम हाती घ्याल. तिथे मी एवढेच लिहिले आहे: वर्षातल्या निदान चार सभा रविवारी दुपारी, सेंट्रल डिस्ट्रिक्टमधील चर्चच्या तळघरांत घ्याव्यात आणि शहराबाहेर गेलेल्यांची साक्ष रहिवाशांच्या साक्षीइतकीच नोंदवावी. अर्ज काल रात्री पाठवला.

प्रसाद_कोथरूड

हे मला पटले. समितीने लोकांच्या जेवणाच्या वेळी जावे, एवढी साधी गोष्ट मी ज्या दोन समित्यांवर होतो त्यांना सुचली नव्हती, मलाही नाही.

नितीन_बेलव्ह्यू

अशी सभा झाली, तर छोट्या घरमालकांपैकी एक म्हणून मलाही बोलायला आवडेल. शिव्या खाण्याची तयारी ठेवून येईन. फक्त गाडी कुठे लावायची, ते आधी कळवा.

अनघा_सिएटल

तीन गल्ल्या सोडून. आणि साडेदहाच्या आधी या.